बोटीवर जायचंय ना? मग हे आधी वाच

हर्णैच्या मुलाने विचारलंय: बारावीला पीसीएम आहे, वडिलांची मच्छीमारी बोट आहे, मरीन इंजिनीअरिंगला जावं का, आणि शिप सेफ्टीत थेट शिरता येतं का. आई घाबरते, असंही लिहिलंय. मी २२ वर्षं इंजिनरूममध्ये काढली, शेवटची ७ चीफ इंजिनीअर म्हणून.

सहसा थेट शिरता येत नाही, बाळा. सर्व्हेयर (जहाज तपासणारा), सुपरिंटेंडंट (कंपनीच्या जहाजांवर किनाऱ्यावरून देखरेख करणारा) या खुर्च्यांवरची बहुतेक माणसं आधी बोटीवर घाम गाळून आलेली असतात. तेव्हा आधी आयएमयू-सीईटी ही प्रवेश परीक्षा, ४ वर्षांचं बीटेक, मग एमईओ, म्हणजे जहाजावरच्या इंजिनीअरची प्रमाणपत्रं: क्लास फोर, टू, वन. पीसीएमला ६० टक्के लागतात, इंग्रजीला ५०. फॉर्मआधी डोळे तपासून घे. चष्मा एका मर्यादेपर्यंत चालतो, रंगांधळेपणा चालत नाही.

आणि सेफ्टी हे बोटीवर वेगळं खातं नसतं, ते तुझंच रोजचं काम. आपल्याकडे गाळ काढायला विहिरीत उतरण्याआधी जुनी माणसं पेटता कंदील दोरीने खाली सोडायची. ज्योत विझली तर कुणी उतरायचं नाही. मी फिफ्थ, म्हणजे सगळ्यात धाकटा इंजिनीअर असताना बॅलास्ट टाकीत (जहाजाचा तोल राखायला पाणी भरतात ती टाकी) उतरायला शिडीवर पाय ठेवला होता. आतून गार हवा, वास कसलाच नाही. सेकंड इंजिनीअर साहेबांनी खांद्याला धरून मागे ओढलं आणि मीटरची नळी आत सोडली. ऑक्सिजन तोंडाशी २०.८ टक्के, तळाशी १४. लोखंड गंजताना आतला ऑक्सिजन खाऊन टाकतं. पहिला पडतो, त्याला काढायला धावलेला दुसराही पडतो. (टाकीत कंदील कधीही सोडायचा नाही, वाफ असली तर भडका उडेल. तिथे मीटरच.) तुझ्या वडिलांच्या बोटीच्या खणात मासळी सडली तरी विषारी वायू साचतो, हे त्यांनाही सांग.

दुसरी गोष्ट आगीची. २२० अंशांच्या वर तापणाऱ्या ज्या भागावर तेल उडू शकतं, तो झाकलेला हवा, असं सोलास हा जहाजांच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार सांगतो. ओव्हरहॉलनंतर लॅगिंग (गरम भागावरचं उष्णतारोधक आवरण) ‘उद्या बसवू’ म्हणून कोपऱ्यात पडतं, आणि त्याच रात्री फ्युएल पाइप फुटून फवारा तापलेल्या एग्झॉस्टवर (धुराच्या नळीवर) जाऊ शकतो. लॅगिंग बसेपर्यंत मी जनरेटर चालू करू देत नसे. शिव्या खाल्ल्या, पण दिला नाही.

आईची भीती खोटी नाही. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या घरांत ती अजून आठवतात. आईला उडवून लावू नकोस, वरची टाकीची गोष्ट तिला सांग.

एजंटांपासून मात्र लांब राहा. बोटीवर माणसं लावणाऱ्याकडे आरपीएसएल हा खलाशी भरतीचा परवाना लागतो, त्याचा नंबर डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या साइटवर पडताळून बघ. नोकरी लावायचे पैसे खलाशाकडून घेताच येत नाहीत. आमच्या वाडीत एका घराने कलमांची बाग गहाण टाकून पैसे भरले आणि हातात बनावट कागद आले. तो मुलगा हुशार होता, अजून जीव तुटतो.

जूनची मासेमारीबंदी लागायच्या आत वडिलांबरोबर चार फेऱ्या मार. इंजिनापाशी, डिझेलच्या वासात आणि उकाड्यात तासभर उभा राहा. मळमळत असतानाही हात पान्याकडे जातो का ते बघ, आणि मला कळव.