भाऊ, आधी पैसे लावा, मग घर

निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटी आणि फंडाची रक्कम खात्यात आली की घराची कौलं, मुलाचा बंगळुरूतला फ्लॅट, सगळ्या मागण्या त्याच आठवड्यात येतात. कोणालाही शब्द देण्याआधी पोस्टात जा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत माणशी ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. व्याजदर पाच वर्षं तोच राहतो, पण व्याज तिमाहीला मिळतं. महिन्याच्या बाजारहाटासाठी मासिक उत्पन्न योजना बरी. जोडखात्याला मर्यादा १५ लाखांची. वारसदार म्हणून वहिनींचं नाव सगळीकडे लागलंय ना, तेही बघा. पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला, तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो.

मुलं बाहेर गेल्यावर रिकाम्या झालेल्या घराचं काम मात्र पैशानं भागत नाही. वहिनी अजून चौघांचा भात रांधत असतील, त्यावरून बोलू नका. मुलांना रोज ‘जेवलास का’ विचारण्यापेक्षा रविवार ठरवा. शुक्रवारी दोघं म्हापशाच्या बाजाराला जा, संध्याकाळी देवळात भजनाला टाळ धरा. आणि स्वयंपाकघरात उभं राहून सूचना देऊ नका. तिथला कारभार इतकी वर्षं तुमच्याशिवायच चाललाय! चतुर्थीची तिकिटं मुलांना आत्ताच काढायला सांगा, गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधायला हात लागतात.