आईला सोबत म्हणून कुत्रा आणून देऊ का?

आई-वडिलांपैकी एक जण गेला की मुलं हमखास विचारतात, मागे राहिलेल्याला सोबत म्हणून कुत्रा आणून दिला तर? मुंबईत जागा लहान, म्हणून कुत्राही लहान. पूर्वी लोक पगचं नाव घ्यायचे (हच या मोबाइल कंपनीच्या २००३ सालच्या जाहिरातीची कृपा), हल्ली शीत्झूचं घेतात. समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या अशाच एका घराची ही हकिगत. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

मुलगी ठाण्यात, आई विलेपार्ल्यात. जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. वडील तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते आणि ते गेल्यापासून आईने बोलणंच टाकलं होतं. मुलीने पिल्लू बघून ठेवलं होतं, इसार द्यायचा तेवढा बाकी होता. आईच्या वाढदिवसाला थेट दारात नेऊन ठेवायचं, असा बेत.

“आईला विचारलंत?” मी म्हटलं.

“विचारलं तर नकोच म्हणेल ना, मॅडम.”

इथे मला थोडं थांबावंसं वाटलं. एकोणसत्तर वर्षांच्या बाईच्या घरात दहा ते सोळा वर्षं जगणारा जीव तिला न विचारता आणायचा, ही भेट नाही, जबाबदारी आहे. पण नुसतं असं सांगून कुणाला पटत नाही. म्हणून आधी आम्ही कुत्र्याबद्दलच बोललो.

शीत्झू मुळातच मांडीवरचा कुत्रा, तिबेट-चीनकडचा, राजवाड्यात लाडाकोडात वाढवलेला. वजन चार ते सात किलो. राखणीला उपयोग नाही, फार पळवावं लागत नाही, माणूस मात्र सतत जवळ हवा. म्हणून तो फ्लॅटसाठी चांगला म्हणतात, ते खरंच आहे. पण त्याचं नाक चपटं. कुत्रा धापा टाकून अंग गार करतो आणि मुंबईच्या दमट हवेत ते नीट साधत नाही. मे महिन्यात त्याला सकाळी लवकर नाहीतर सूर्य मावळल्यावरच खाली न्यायचं. केस वाढतच राहतात. रोज विंचरा, नाहीतर बारीक कापून घ्या, नाहीतर गुंता कातडीपर्यंत जातो. डोळे मोठे आणि पुढे आलेले, त्यात केस जाऊन जखमा होतात. शी-शूची सवय लागायला कित्येकदा महिने लागतात आणि तोवर पावसाळ्यातही दोन जिने उतरायचे. मुलीला काळजी होती ती सेक्रेटरींची. ती सर्वांत सोपी. सोसायटीने पाळीव प्राण्यावर सरसकट बंदी घालू नये, असं प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस मात्र हवीच.

पुढच्या वेळी आईला, म्हणजे काकूंनाही, बोलावलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्या खालच्यांकडे आहे की तसला.” खालचे लोक गणपतीला कोकणात निघाले होते आणि कुत्र्याला ठेवायचं कुठे, ही त्यांची अडचण. पाच दिवस तो काकूंकडे राहिला.

परत आल्या तेव्हा काकू भरभरून बोलल्या. तो बाथरूमच्या दाराशी बसून राहतो. कुकरच्या शिट्टीला दचकतो. विंचरायला बसलं की डोळे मिटून घेतो. “दिवसभर कुणाशी तरी बोलत होते मी,” म्हणाल्या. मुलीचा चेहरा खुलला. मग काकू थांबल्या.

“रात्री घोरतो गं तो. आणि मधेच आवाज बंद होतो. मी उठून बसायचे, पुन्हा सुरू होईपर्यंत. यांच्या वेळी बसायचे तशीच. मला आता कुणाचा श्वास मोजायचा नाही.”

चपट्या नाकाचे कुत्रे घोरतातच. हे मी मुलीला आधी सांगितलंही होतं, पण ते काकूंच्या घरात जाऊन असं ऐकू येईल हे आम्हा दोघींच्याही मनात आलं नव्हतं. त्या तीन वर्षांबद्दल मायलेकी त्या दिवशी पहिल्यांदा बोलल्या. मुलगी खूप रडली. रोज येता येत नाही याची टोचणी तिला होती आणि आपल्या जागी ते पिल्लू बसावं, असं तिला वाटत होतं. हे तिचं तिनेच ओळखलं.

पिल्लू आणलं नाही. काकू पुढे काही महिने एकट्याच माझ्याकडे येत होत्या, झोपेचं आणि त्या आजारपणाचं बोलायला. खालचे लोक कामावर गेले की त्यांचा कुत्रा वर येतो, विंचरून घेतो, दुपारी झोपतो आणि संध्याकाळी आपल्या घरी जातो. ही सोय काकूंनी स्वतः होऊन सुचवली.

“वर्षभराने पुन्हा विचारू का?” मुलीने जाताना विचारलं. जरूर विचारा, म्हटलं, पण आईलाच. त्या हो म्हणाल्या, तर पिल्लाच्या मागे न लागता पाच-सहा वर्षांचा, स्वभाव माहीत असलेला कुत्रा दत्तक घ्या. घ्यायच्या आधी त्याचा श्वास, डोळे आणि दात पशुवैद्याकडून तपासून घ्या. आणि काकू आजारी पडल्या, तर तो ठाण्याला कुणाकडे राहील, हे तुमच्या घरी आधी ठरवून ठेवा.