सरकारी क्लायंटसाठी ऑपसेक (ऑपरेशन्स सिक्युरिटी, म्हणजे साध्या माहितीतून बाहेरच्याला महत्त्वाचं काही कळू न देणं) पॉलिसीचं काम म्हणजे नक्की काय? हॅकिंग यायला लागतं का?

नाही हो, हॅकिंगचा फारसा संबंध नाही, जास्त काम लिहिण्याचं आणि लोकांच्या डोक्याशी डोकं लावण्याचं असतं. गुप्त फाइल्स सांभाळायला वेगळे लोक असतात, ऑपसेकवाला बघतो की जे गुप्त नाहीच, म्हणजे टेंडर, नोकरीच्या जाहिराती, ड्युटीचं वेळापत्रक, फोटो, हे सगळं जोडलं तर बाहेरच्याला काय कळेल. 2018 मध्ये स्ट्राव्हा या व्यायाम नोंदवणाऱ्या अ‍ॅपच्या हीटमॅपवर (लोक कुठे जास्त धावतात ते दाखवणाऱ्या नकाशावर) सैनिकांच्या धावण्याच्या रेषांवरून लष्करी तळ दिसले ना, तसंच, कोणी काही चोरलं नव्हतं.

ही पद्धत व्हिएतनाम युद्धातल्या पर्पल ड्रॅगन नावाच्या अमेरिकन टीममधून आली आणि 1988 च्या एनएसडीडी 298 या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने अमेरिकन सरकारी खात्यांत पक्की झाली. पाच पायऱ्या आहेत: महत्त्वाची माहिती ठरवा, धोका कोणाकडून ते बघा, कच्चे दुवे शोधा, जोखीम मोजा, उपाय करा. पाठ करायला दहा मिनिटं पुरतात पण पहिल्या पायरीलाच महिने जातात, कारण प्रत्येक विभागाला आपलीच माहिती सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि यादी चाळीस पानांची झाली की ती कोणी वाचत नाही (माझं मत, एका पानात बसवा). बाकी सिक्युरिटी क्लिअरन्सला (गुप्त माहिती बघायची सरकारी परवानगी) वेळ लागतो, तेवढा धीर धरा.