आधी पातेरा (वाळका पालापाचोळा) जाळणं थांबवा, मग खताचं बोलू

पावसाच्या तोंडावर दोन प्रश्न आलेत. गुहागरचे एक बागायतदार विचारतात, माड-पोफळीला दरवर्षी खत वाढवतोय तरी माती दगडासारखी होत चाललीय, दुकानदार म्हणतो चुना टाका आणि १९:१९:१९ डबल करा, तर करू का? आणि लांज्याहून एकांनी विचारलंय, हापूसच्या कलमांना खत नक्की कधी घालू.

पहिल्यांना सरळ सांगतो, डबल करू नका. १९:१९:१९ हे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) प्रत्येकी १९ टक्के असलेलं, पाण्यात विरघळणारं महाग खत आहे, फवारणीला नाहीतर ठिबकला वापरायचं, ते पावसाळ्यात आळ्यात, म्हणजे झाडाभोवतीच्या खळग्यात, ओतलंत तर आठ दिवसांत वाहून ओढ्याला लागतं. आपली जांभ्याची जमीन, वर अडीच-तीन हजार मिमी पाऊस, नत्र आणि पालाश धुपून जातं आणि स्फुरद मातीतल्या लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसतं, झाडाला मिळतच नाही. गोणी वाढवून हे सुटत नाही, मातीत धरून ठेवणारं काहीतरी पाहिजे, म्हणजे कुजलेला पालापाचोळा. आणि तोच आपण मार्चमध्ये झाडून जाळतो! मी कितीतरी वाड्यांत बघितलंय, एका कोपऱ्यात पातेरा धुमसतोय आणि दुसऱ्या कोपऱ्यात विकतचं सेंद्रिय खत उतरतंय.

पातेरा आळ्यात पसरा, चार बोटं जाड, बुंध्यापासून हातभर लांब. माडाच्या आळ्यात सोडणं (नारळाची सालं) पोकळ बाजू वर करून पुरा, ओल धरतात. आणि या जूनमध्ये बांधावर उंदीरमारी लावा, म्हणजे गिरिपुष्प हो, हात-दोन हात लांबीच्या जाड फांद्या खोचल्या की जगतात, गुरं फारशी तोंड लावत नाहीत. वाळलेल्या पाल्यात अडीच-तीन टक्के नत्र असतं, वर्षातून दोनदा छाटा आणि आळ्यात टाका. पहिल्या वर्षी फरक दिसणार नाही, तिसऱ्या वर्षी कुदळ मारून बघा. मला विचाराल तर एवढी एकच गोष्ट सगळ्यांनी करावी.

चुना: माती तपासल्याशिवाय टाकू नका. परत सांगतो, तपासल्याशिवाय नाही. सामू (मातीचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप) साडेपाचच्या खाली असेल तरच विचार करायचा, तोही अहवालात असेल तेवढाच, जास्त झाला की जस्त-बोरॉन अडकतं आणि शेंडे पिवळे पडले की तोच दुकानदार सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली पुढे करतो. चुना आणि शेणखत एकदम टाकू नका, नत्र अमोनिया होऊन उडतं, मधे दोन-तीन आठवडे जाऊ द्या. शेणखत कुजलेलंच पाहिजे, ओल्या शेणाने वाळवी येते. शेणखताच्या खड्ड्यात गेंड्या भुंगा (माडाचा कोंब पोखरणारा किडा) अंडी घालतो त्यामुळे खड्डा उपसताना पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर वेचून मारा, नाहीतर तुम्हीच माडाच्या मुळाशी नेऊन टाकाल.

लांज्याच्या प्रश्नाचं: मृगाच्या चार सरी होऊन जमीन भिजली की लगेच, झाडाच्या विस्ताराखाली वितभर खोल चर काढून. दहा वर्षांपुढच्या कलमाला ५० किलो शेणखत, ३ किलो युरिया, ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पोटॅश, दापोली कृषी विद्यापीठाची शिफारस हीच आहे. धो-धो पाऊस चालू असताना नको, बुंध्याला लावून नको, आणि 'यंदा मोहर कमी होता' म्हणून पाच किलो युरिया तर अजिबात नको, नुसती पालवी येईल. माडाला मात्र नत्र तीन हप्त्यांत द्या.

मृदा आरोग्य पत्रिकेसाठी नमुना मे महिन्यातच, खत घालायच्या आधी, आठ-दहा ठिकाणची माती मिसळून अर्धा किलो, बागेचा फूटभर खोलीचा आणि दोन फूट खोलीचा वेगळा, पिशवीत चिठ्ठी टाकून सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे कृषी सहाय्यक) द्या. खत घातलेलं असेल तर यंदा राहू दे, पुढच्या मे मध्ये काढा. अहवाल आला की तो घेऊन आधी आमच्या ऑफिसला या, दुकानात नंतर.