गुण घसरले होते, ते सांगू का?

प्रश्न: औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला अर्ज करते आहे. सोबत स्वतःविषयी पानभर निवेदन जोडायचं आहे. 'लोकांची सेवा करायची आहे' यापुढे काही सुचत नाही. रसायनशास्त्रात एका सत्रात गुण घसरले होते. ते सांगू की झाकू?

उत्तर: सांग. गुणपत्रिकेत ते दिसणारच आहे. का घसरले आणि नंतर काय केलंस, हे दोन ओळींत लिही आणि पुढे जा.

मी बरीच वर्षं असे अर्ज वाचले. एक अजून आठवतो. त्या मुलीने आजीच्या गोळ्यांच्या डब्याबद्दल लिहिलं होतं. एक गोळी तापाची, दुसरी सर्दीची, नावं वेगळी. पाकिटामागचा बारीक मजकूर वाचल्यावर दोन्हींत पॅरासिटामॉल निघालं. तिने कागदावर दिवसभराची बेरीज मांडली. प्रौढांसाठी कमाल मर्यादा साधारण 4 ग्रॅम, त्यापुढे यकृताला धोका. मग पाकिटं घेऊन ती थेट औषधतज्ज्ञाकडे गेली. तो परिच्छेद वाचताच मला तिला मुलाखतीला बोलवावंसं वाटलं.

तुझ्याकडेही असं काही असेल, आठवून बघ. नसेल तर परवानगी घेऊन काही दिवस औषधाच्या दुकानात थांब, चिठ्ठ्या कशा तपासतात ते पाहा. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते. तिथे चुकून मिलिग्रॅम वाचलं तर हजारपट फरक. अशी आकडेमोड तुला मनापासून आवडत असेल, तर तेही अवश्य लिही. शिफारसपत्र मात्र आजच माग, शिक्षकांना वेळ लागतो.