वाचकांचे प्रश्न : पावसातले कोची

प्रश्न : सप्टेंबरात वृद्ध आईवडिलांना घेऊन कोची पाहावयाचे आहे. पावसामुळे बेत फसेल का? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : तुमच्या खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीकडचा धुवाधार पाऊस पाहिलेल्यांनी कोचीच्या पावसाला भिण्याचे कारण नाही. जून-जुलैचा जोर सप्टेंबरात बराच ओसरलेला असतो. ऑक्टोबरात मात्र परतीचा पाऊस पुन्हा गाठतो. बेळगावहून पुणे-एर्नाकुलम पूर्णा एक्सप्रेस सोयीची आहे, परंतु ती आठवड्यातून एकदाच धावते आणि कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग कमी ठेवला जात असल्याने वेळ आधी तपासून घ्यावी.

मुक्काम फोर्ट कोचीत करावा, कारण मासेमारीची प्रसिद्ध चिनी जाळी आणि १५२४ साली वास्को द गामाला जिथे पुरले ते सेंट फ्रान्सिस चर्च (त्याचे अवशेष पुढे पोर्तुगालला नेण्यात आले) तिथेच आहेत. पावसाची सर आली, तर सरळ मट्टनचेरीचा राजवाडा गाठावा. पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिलेल्या आणि नंतर डचांनी दुरुस्त केलेल्या या वास्तूतील रामायणाची भित्तिचित्रे आईवडिलांना निश्चितच खिळवून ठेवतील. जवळचे सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) १५६८ चे आहे. शुक्रवारी राजवाडा व सिनेगॉग दोन्ही बंद असतात, सिनेगॉग शनिवारीही. याच परिसरात कोकणी बोलणाऱ्या सारस्वतांचे तिरुमल देवस्वम मंदिर आहे.

मोठ्या खासगी नौकाविहारापेक्षा २०२३ मध्ये सुरू झालेली वॉटर मेट्रो ही सार्वजनिक बोटसेवा आमच्या मते बरी. ती बंदिस्त, स्वस्त आणि वृद्धांना चढण्यास सोपी आहे.