रीझनिंगच्या स्टेटमेंट-असम्प्शन प्रश्नात (एक वाक्य आणि त्याखाली काही गृहीतकं दिलेली असतात) कोणतं असम्प्शन इम्प्लिसिट, म्हणजे वाक्यात न सांगता गृहीत धरलेलं, आहे हे कसं ओळखायचं?

असम्प्शन उलटं करून बघा, त्यानं मूळ वाक्याचा पायाच गेला तर ते इम्प्लिसिट, नाहीतर नाही. इंदूरला भंवरकुआं भागात बँकेच्या परीक्षा देणाऱ्या पोरांना रीझनिंग शिकवतो, त्यांना हेच करायला लावतो. समजा इंदूरच्या सराफा बाजारात (रात्री तिथं खाण्यापिण्याची दुकानं लागतात) बोर्ड लागलाय, 'रात्री सराफ्यात गाडी आणू नका, पायी या'. आता 'काही लोक तरी ऐकतील' हे उलटं करा, कोणीच ऐकणार नाही म्हटलं तर बोर्ड लावलाच कशाला, म्हणजे हे इम्प्लिसिट. पण 'पायी आलं की गर्दी होतच नाही' हे उलटं केलं तरी बोर्डाचं काही बिघडत नाही (आणि सराफ्यात गर्दी नाही असं कोणता इंदूरकर म्हणेल!), ते बाद. 'फक्त', 'सगळे', 'नेहमी' असलेली बहुतेक कटतात, पण मूळ वाक्यातच 'फक्त' असेल तर जरा थांबा, तेच बरोबर निघू शकतं.